अडकलेली वस्तू काढताना: कॅज्युअल्टीत नव्याने काम करणाऱ्यांसाठी

श्वासनलिकेत, घशात, नाकाकानात, डोळ्यात किंवा कातडीखाली काहीतरी अडकलेला रुग्ण समोर आला की हात आपोआप चिमट्याकडे जातो. नव्या डॉक्टरने आणि परिचारिकेने आधी मोडायची सवय ती हीच. कोणती वस्तू मिनिटभरात काढायची, कोणती दोन तासांच्या आत, कोणती सवडीने तज्ज्ञाच्या हातून आणि कोणती आपली आपण बाहेर पडू द्यायची, हे ठरवता आले की निम्म्याहून अधिक काम झाले. बाकी कौशल्य सरावाने येते. तोवर एवढे धरून चाला की पहिला प्रयत्न सगळ्यात सोपा असतो. तो फसला की सूज येते, रक्त येते, मूल पुन्हा हात लावू देत नाही आणि वस्तू आणखी आत सरकते. म्हणून तो पहिला प्रयत्न योग्य उजेडात, योग्य हत्याराने आणि योग्य माणसाच्या हातून व्हायला हवा.

विचारायचे प्रश्न थोडेच आहेत, पण ते गाळू नका. वस्तू काय होती? नक्की केव्हा गेली? एकच होती की जास्त? घरी किंवा दुसऱ्या दवाखान्यात कुणी काढायचा प्रयत्न केला का? बटन सेल आणि लोहचुंबक यांची नावे घेऊन स्वतंत्रपणे विचारा. 'खेळण्यातले काहीतरी' एवढ्यावर समाधान मानू नका. तशीच दुसरी वस्तू मिळण्यासारखी असेल तर सोबतच्या नातेवाइकाला ती आणायला सांगा. ती कशी उपयोगी पडते ते पुढे येईलच.

समोरच घुसमटलेला माणूस

ठसका लागलेल्या माणसाला पहिला प्रश्न, "बोलता येतंय का?" आवाज निघत असेल, जोरात खोकता येत असेल, तर त्याला खोकू द्या. त्याच्या खोकल्याइतका चांगला उपाय आपल्याजवळ नाही. पाठीवर थापट्या मारू नका, तोंडात बोट घालू नका, पाणी पाजू नका. फक्त जवळ उभे राहा आणि मदत बोलावून ठेवा.

आवाज बंद झाला, खोकला निसटता आणि मुका झाला, ओठ निळे पडू लागले, की लगेच हालचाल करायची:

१. माणसाला पुढे वाकवा, एका हाताने छातीला आधार द्या आणि दुसऱ्या तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये ५ जोरदार तडाखे द्या. प्रत्येक तडाख्यानंतर वस्तू निघाली का ते पाहा.

२. नाही निघाली तर मागे उभे राहा. एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा आणि आत व वरच्या दिशेने ५ झटके द्या. मूठ हाडाच्या टोकावर किंवा बरगड्यांवर आली तर दाब पोहोचत नाही आणि इजा मात्र होते.

३. वस्तू निघेपर्यंत किंवा माणूस बेशुद्ध होईपर्यंत ५ तडाखे आणि ५ झटके आलटून पालटून चालू ठेवा.

गरोदर बाई असेल किंवा पोटाभोवती हात पोहोचत नसतील, तर झटके छातीच्या मधल्या हाडावर द्या. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटका कधीही द्यायचा नाही, कारण त्या वयात यकृत बरगड्यांखाली पुरते झाकलेले नसते आणि फाटू शकते. बाळाला आपल्या हातावर पालथे घ्या, डोके छातीपेक्षा खाली ठेवा, जबडा बोटांनी धरा (गळ्याचा मऊ भाग दाबला जाऊ देऊ नका) आणि पाठीवर ५ तडाखे द्या. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ५ वेळा दाबा.

माणूस बेशुद्ध झाला की त्याला जमिनीवर आडवे करून सीपीआर सुरू करा, ३० दाब आणि २ श्वास. छातीवरच्या दाबानेही अडकलेली वस्तू वर येते. दर वेळी श्वास देण्याआधी तोंड उघडून आत पाहा. दिसली तरच काढा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी बोट फिरवणे ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात घातक चूक आहे. त्याने वरची वस्तू थेट स्वरयंत्रात जाऊन बसते.

दवाखान्यात असाल तर याच क्षणी लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र पाहायचे दिव्याचे हत्यार), मॅगिल फोर्सेप्स (घशात पोहोचणारा लांब वाकडा चिमटा) आणि जाड तोंडाचे सक्शन (स्राव ओढून घेणारी नळी) हातात असायला हवे. स्वरयंत्राच्या वर अडकलेली वस्तू या तिघांनी बहुतेकदा निघते. काहीच दिसत नसेल, तर ती स्वरतंतूंच्या खाली गेली आहे असे धरा. अशा वेळी एंडोट्रॅकियल ट्यूब (श्वासनलिकेत घालायची नळी) घालून वस्तू मुद्दाम खाली, एका फुप्फुसाच्या नळीत ढकलायची, ट्यूब परत वर घ्यायची आणि दुसऱ्या फुप्फुसाला हवा द्यायची. ऐकायला उलटे वाटते, पण एका फुप्फुसावर माणूस जगतो; दोन्ही बंद राहिली तर काही मिनिटांचाच खेळ उरतो. गळ्याच्या समोरून छेद घेऊन श्वासमार्ग उघडणे हा शेवटचा उपाय. तो वस्तू छेदाच्या वर असेल तरच उपयोगी पडतो.

पोटावर झटके दिलेला प्रत्येक रुग्ण, वस्तू निघून तो हसतखेळत असला तरी, तपासूनच घरी सोडा. पोटातल्या अवयवांना इजा झालेली असू शकते.

ठसका थांबला, पण वस्तू कुठे आहे?

नवखे डॉक्टर सगळ्यात जास्त फसतात ते इथे. दीड-दोन वर्षांचे मूल खाताना किंवा खेळताना अचानक ठसकले, लालनिळे झाले, खूप खोकले आणि मग शांत झाले. तासाभराने ते तुमच्यासमोर खेळते आहे. आईवडिलांना वाटते, गिळले असेल. प्रत्यक्षात वस्तू स्वरतंतू ओलांडून ब्रॉंकसमध्ये (एका फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत) स्थिरावली की खोकला थांबतोच, कारण तिथल्या अस्तराला त्या स्पर्शाची हळूहळू सवय होते. हा शांत काळ काही तासांचा असतो, कधी काही आठवड्यांचा. मग न हटणारा खोकला, त्याच फुप्फुसात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, किंवा औषधाला दाद न देणारा 'दमा' घेऊन तेच मूल परत येते.

म्हणून ठसक्याचा प्रसंग कुणी डोळ्यांनी पाहिला असेल तर तेवढ्यावरही ब्रॉंकोस्कोपीचा, म्हणजे श्वासमार्गात दुर्बीण घालून पाहण्याचा, विचार करायचा. शेंगदाणा, बिया आणि कवचाची फळे यांचे तुकडे सगळ्यात जास्त सापडतात. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना दाढा पुरत्या आलेल्या नसतात, त्यामुळे असले पदार्थ बारीक न चावताच मागे जातात. खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज आणि एका बाजूला कमी ऐकू येणारा श्वास ही तीन लक्षणे पुस्तकात एकत्र येतात. रुग्णात तिन्ही एकदम असतीलच असे नाही. दोन्ही बाजूंची तुलना करत, मूल शांत असताना, नुसत्या श्वासाचा आवाज नीट ऐका. मोठ्या माणसात उजवा ब्रॉंकस रुंद, आखूड आणि सरळ असल्याने वस्तू बहुतेकदा उजवीकडे जाते. लहान मुलांत दोन्हीकडचे कोन फारसे वेगळे नसतात, तेव्हा डावी बाजू गृहीत सोडून देऊ नका.

एक्स-रे काढा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अन्नाचे तुकडे आणि प्लास्टिक एक्स-रेवर दिसत नाहीत. शोधायचा असतो तो त्यांचा परिणाम. वस्तू एकतर्फी झडपेसारखी बसली तर श्वास आत जातो पण पुरता बाहेर पडत नाही, म्हणून ते फुप्फुस फुगलेले आणि जास्त काळे दिसते. हे श्वास सोडलेल्या अवस्थेतल्या फिल्मवर नीट कळते: छातीचा मधला भाग निरोगी बाजूकडे सरकलेला असतो. लहान मूल सांगितल्यावर श्वास सोडत नाही, तेव्हा त्याला कुशीवर झोपवून फिल्म घ्या; खालच्या बाजूचे फुप्फुस दबले नाही, तर तिथे हवा अडकली आहे. वस्तूने नळी पूर्ण बंद केली असेल तर उलट चित्र दिसते, फुप्फुस आक्रसते. आणि एक्स-रे अगदी नॉर्मल आला तरी वस्तू आत असू शकते. मूल स्थिर असून शंका फिटत नसेल तर सीटी स्कॅनचा चांगला उपयोग होतो.

तज्ज्ञ येईपर्यंत मुलाला त्याला सोयीच्या स्थितीत, शक्यतो आईच्या मांडीवर बसू द्या. तोंडाने काही देऊ नका. ऑक्सिजन द्या, तोही मूल न रडता. छातीची फिजिओथेरपी करू नका, पाठ थोपटून कफ काढायला जाऊ नका. एका बाजूला सुखाने बसलेली वस्तू निघून मुख्य श्वासनलिकेत आली तर दोन्ही फुप्फुसे एकदम बंद होतात.

ब्रॉंकोस्कोपीच्या टेबलाजवळ

१८९७ साली गुस्टाव किलियान यांनी जर्मनीत एका शेतकऱ्याच्या ब्रॉंकसमधून हाडाचा तुकडा सरळ नळीतून काढला. मुलांच्या श्वासनलिकेतल्या वस्तूसाठी ताठ ब्रॉंकोस्कोप आजही पहिली पसंती आहे. कारण साधे आहे. त्या नळीतूनच हवा देता येते, त्यातूनच दुर्बीण आणि फोर्सेप्स जातात, आणि काठ धारदार असलेली वस्तू नळीच्या आत ओढून घेता येते. लवचिक ब्रॉंकोस्कोप मोठ्या माणसांत आणि खोलवरच्या नळ्यांमध्ये उपयोगी पडतो.

तुम्ही मदतनीस म्हणून उभे राहणार असाल तर तयारी अशी करा. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला साधारण ३.५ आकाराचा ब्रॉंकोस्कोप लागतो. त्याहून एक लहान आकार उघडून शेजारी ठेवा. दुर्बीण नळीत बसते का, दिवा चालू आहे का, सक्शनची नळी आतून जाते का, हे मूल झोपण्याआधी तपासा. शेंगदाण्यासारख्या ठिसूळ वस्तूला पोकळ पाकळ्यांचा फोर्सेप्स लागतो, कारण भरीव दात तिचा चुरा करतात. चपट्या कडक वस्तूला दातेरी 'अॅलिगेटर' फोर्सेप्स. आणून ठेवलेली जुळी वस्तू इथे कामाला येते: ती टेबलावर ठेवा आणि नेमका तोच फोर्सेप्स त्याच नळीतून घालून तिला धरून पाहा. पकड कुठून बसते, किती जोराने वस्तू फुटते, कोणत्या बाजूने सटकते, हे बाहेरच कळले तर आत वेळ वाया जात नाही. ही रंगीत तालीम वेळखाऊ वाटते आणि घाईत पहिली वगळली जाते. ती वगळू नका.

भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी आधी मोठ्याने बोलून ठरवायचे असते: मूल स्वतः श्वास घेत राहणार की हवा आपण देणार, आणि वस्तू मध्येच सुटली तर काय करायचे. स्वरतंतूंवर लिग्नोकेन (बधिर करणारे औषध) फवारतात, एकूण मात्रा ४ मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत. त्याने झटका येऊन स्वरयंत्र आवळण्याचा धोका कमी होतो.

नळी आत गेली की आधी निरोगी बाजू पाहून तिथला स्राव ओढून घेतात, कारण पुढची काही मिनिटे मूल त्याच फुप्फुसावर राहणार असते. मग वस्तूजवळ जायचे, भोवतीचा स्राव हलकेच काढायचा, आणि वस्तूच्या दोन्ही कडा व फोर्सेप्सच्या पाकळ्यांना जागा आहे ना ते पाहायचे. सूजलेल्या अस्तरातून रक्त येत असेल तर १:१०,००० अॅड्रिनलिन (रक्तवाहिन्या आवळणारे औषध) थोडेसे लावून एक-दोन मिनिटे थांबतात. पकड बसली की वस्तू नळीच्या तोंडापर्यंत ओढायची. ती आत मावत असेल तर आतून काढायची. मावत नसेल तर वस्तू, फोर्सेप्स आणि ब्रॉंकोस्कोप तिन्ही एकत्र बाहेर काढायचे.

वस्तू सुटते ती बहुतेकदा स्वरतंतूंच्या खाली, कारण मुलाच्या श्वासमार्गातली ती अरुंद जागा. सुटली आणि ऑक्सिजन पडू लागला तर तिच्याशी तिथे झटापट करू नका. आधी होती त्याच बाजूला ती परत ढकला, मुलाला हवा द्या, आकडे सावरू द्या आणि मग पुन्हा धरा.

वस्तू निघाल्यावर दुर्बीण पुन्हा आत जायलाच हवी. दुसरा तुकडा, उरलेला चुरा, अस्तराला झालेली जखम हे सगळे दुसऱ्या फेरीत दिसते. शेंगदाण्याच्या तेलाने अस्तर चांगलेच सुजते आणि कडधान्य ओलाव्याने फुगलेले असते, म्हणून अशा मुलांना नंतर जास्त काळ निरीक्षणाखाली ठेवावे लागते. डेक्सामेथासोनचा (सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडचा) एक डोस, ओलसर ऑक्सिजन, आणि श्वास घेताना घर्रर्र आवाज येतो का याकडे लक्ष.

गिळलेली वस्तू, आणि बटन सेल

गिळलेल्या बहुतेक वस्तू पोटात पोहोचल्या की आपोआप बाहेर पडतात. आधी ठरवायचे ते एवढेच की वस्तू अन्ननलिकेत आहे की पुढे गेली. मानेपासून खाली पूर्ण भाग येईल असा समोरून आणि बाजूने एक्स-रे घ्या. नाणे समोरच्या फिल्मवर पूर्ण गोल दिसले तर बहुधा अन्ननलिकेत असते. ते सगळ्यात जास्त अडकते अन्ननलिकेच्या मानेतल्या वरच्या स्नायूंच्या कड्याशी, मग महाधमनी अन्ननलिकेला ओलांडते तिथे, आणि शेवटी जठराच्या तोंडाशी. लक्षणे नसतील तर नाण्यासाठी २४ तासांपर्यंत थांबता येते, कारण काही नाणी तेवढ्यात खाली उतरतात. एंडोस्कोपीला (तोंडातून दुर्बीण घालून काढायला) नेण्याआधी एक्स-रे पुन्हा काढा. भूल देऊन आत काहीच न सापडणे टाळता येण्यासारखे आहे. लाळ गिळता येत नसेल, श्वासाला त्रास असेल, तर वाट पाहणे नाही. बेरियम (एक्स-रेवर दिसणारे द्रव) पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते आणि एंडोस्कोपीत काही दिसू देत नाही. मुद्दाम उलटी करवू नका. कोरड्या अन्नाचा गोळा गिळायला लावण्याची जुनी युक्ती माशाचा काटा आणखी खोल रुतवते.

गोल सावली नाण्याची म्हणून सोडून देण्याआधी फिल्म मोठी करून कडा पाहा. कडेच्या आत दुसरे वर्तुळ दिसते का? बाजूच्या फिल्मवर कडेला पायरी आहे का? असेल तर तो बटन सेल आहे आणि घड्याळ सुरू झाले आहे. अडकणारे आणि जाळणारे सेल बहुतेक २० मिलिमीटर व्यासाचे, ३ व्होल्टचे लिथियम सेल असतात, सीआर २०३२ सारखे. सेल फुटून आतले रसायन गळते म्हणून इजा होते असा समज आहे. खरे कारण वेगळे आहे: ओल्या अस्तरातून वीज वाहते आणि ऋण टोकाशी हायड्रॉक्साइड तयार होऊन ऊतक जळते. म्हणून पूर्ण नवा, न फुटलेला सेल जास्त घातक, आणि उपकरणात चालेनासा झालेला सेलही इजा करू शकतो. गंभीर भाजणे दोन तासांत होऊ शकते. अन्ननलिकेतला सेल शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत निघायला हवा. पोट भरलेले आहे म्हणून थांबायचे नाही.

मूल वर्षाच्या वरचे असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत दर १० मिनिटांनी १० मिलिलिटर मध द्यायला सांगा, जास्तीत जास्त ६ वेळा. दवाखान्यात सुक्राल्फेट (अस्तरावर थर धरणारे औषध) असेल तर १० मिलिलिटर, दर १० मिनिटांनी, ३ वेळांपर्यंत. त्याने जळणे मंदावते, थांबत नाही. मधासाठी एक मिनिटही निघायला उशीर करू नका. वर्षाखालच्या बाळाला मध नको.

सेल काढताना त्याची ऋण, म्हणजे अरुंद बाजू कुठे तोंड करून होती ते नोंदवा. ती समोर, श्वासनलिकेकडे असेल तर पुढे दोन नळ्यांमध्ये भोक पडण्याची भीती, मागे असेल तर मणक्याकडे. भोक पडलेले नसेल तर जागा ०.२५ टक्के निर्जंतुक अॅसिटिक आम्लाच्या ५० ते १५० मिलिलिटरने धुतात. आणि नातेवाइकांना हे स्पष्ट, लिहून द्या: सेल निघाल्यानंतरही जळणे पुढे चालू राहते, महाधमनीपर्यंत पोहोचू शकते. काही आठवड्यांनी थोडेसे रक्त तोंडातून आले किंवा शी काळी झाली तरी ती मोठ्या रक्तस्रावाची आधीची सूचना असू शकते. लगेच मोठ्या रुग्णालयात यायचे.

एकाहून अधिक चुंबक, किंवा एक चुंबक आणि लोखंडी तुकडा, गिळलेला असेल तर मूल कितीही बरे दिसो, घरी सोडू नका. आतड्याच्या दोन वेगळ्या वळ्यांमधून ते एकमेकांना ओढतात आणि मध्ये सापडलेली भिंत मरते. टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल तर तातडीची. सुमारे ६ सेंटिमीटरपेक्षा लांब किंवा २.५ सेंटिमीटरपेक्षा रुंद वस्तू जठरातून पुढे जाणे अवघड, त्यासाठी एंडोस्कोपीतज्ज्ञाशी बोला. टोकदार वस्तू ओढताना टोक नेहमी मागे राहायला हवे. पुढे असलेले टोक भोक पाडते. या कामाचे शास्त्र घडवणारे अमेरिकन सर्जन शेव्हलिए जॅक्सन यांनी हे शिकवले. त्यांनी रुग्णांच्या घशातून आणि श्वासमार्गातून निघालेल्या २,३७४ वस्तू जपून ठेवल्या. त्या फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. उघड्या सेफ्टी पिनचे टोक वर असेल तर तिला आधी जठरात नेऊन वळवायचे आणि मग काढायचे.

नाक आणि कान

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येणाऱ्या मुलाच्या नाकात वस्तू आहे असे धरूनच तपासा. पहिला उपाय हत्याराविना आहे. आई मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवते, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करते, हळू फुंकत किंचित अडथळा जाणवला की एक जोरदार छोटी फुंकर मारते. निम्म्याहून अधिक मुलांत वस्तू निघते किंवा पुढे तरी येते, आणि मूल रडत नाही. त्याने जमले नाही तर मुलाला चादरीत गुंडाळून मदतनिसाने डोके पक्के धरावे, डोक्यावर दिवा असावा. कापूस, कागद, स्पंज चिमट्याने धरता येतो. मणी किंवा बी चिमट्याने धरू नका, ती पाकळ्यांतून सटकून मागे जाते. वाकड्या टोकाचा हूक वरून तिच्या मागे न्या, टोक खाली फिरवा आणि पुढे ओढा. वस्तू घशाकडे ढकलायची नाही, आणि अर्धवट गुंगीचे औषध देऊन प्रयत्न करायचा नाही. दोन्हींत ती श्वासनलिकेत पडू शकते. नाकातला बटन सेल काही तासांत मधल्या पडद्याला भोक पाडतो, तो लगेच काढा आणि त्यावर कसलेही थेंब घालू नका.

कानात जिवंत किडा असेल तर आधी मारा. तेल किंवा २ टक्के लिग्नोकेन कान भरून घाला, पडदा फाटलेला नाही याची खात्री असेल तरच. फडफड थांबली की रुग्णही शांत होतो आणि मग काढणे सोपे जाते. कानाची नळी मध्ये अरुंद होते. त्या जागेच्या आतली कातडी हाडावर ताणलेली आणि फार दुखरी असते. तिथवर गेलेली गोल, गुळगुळीत वस्तू कॅज्युअल्टीत काढायला जाऊ नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा. वाळू, खडा यांसाठी पाणी मारता येते: ३७ अंशांचे पाणी, २० ते ५० मिलिलिटरची सिरिंज, धार नळीच्या वरच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे पाणी वस्तूच्या मागून परतते. थंड पाण्याने चक्कर येते. बी, डाळ फुगते म्हणून त्यांना पाणी नको, सेलला नको, फाटलेल्या पडद्याला नको. दोन प्रयत्न झाले की थांबा.

डोळा

आधी दृष्टी मोजून लिहा, मग थेंब. छिन्नी-हातोडा किंवा ग्राइंडरवर काम करताना काही उडाले असे रुग्ण सांगत असेल तर कण डोळ्याच्या आत गेला असण्याची शक्यता धरा. असे कण बारीक छेदातून जातात आणि बाहेरून डोळा जवळजवळ ठीक दिसतो. अशा रुग्णाचे एमआरआय करू नका, सीटी करा. बाहुली लांबट किंवा वाकडी असेल, किंवा काही रुतलेले दिसत असेल, तर न दाबता कडक कवच बांधा, उपाशी ठेवा, उलटी होऊ नये म्हणून औषध द्या आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्या. वस्तू ओढू नका.

वरवरचा कण असेल तर प्रोपॅराकेनचा (बधिर करणारा) थेंब घाला. वरची पापणी उलटून पाहायला विसरू नका. फ्लुरोसीनने (ओरखडे दाखवणाऱ्या रंगाने) रंगवल्यावर कॉर्नियावर (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यावर) उभ्या रेघा दिसल्या तर कण पापणीखालीच आहे. कॉर्नियावरचा कण स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) ओल्या कापसाच्या काडीने हलकेच उचलून पाहा. नाही निघाला तर २५ किंवा २६ नंबरची सुई, तिरपे तोंड आपल्याकडे, रुग्णाच्या गालावर हात टेकून, कानाच्या बाजूने आणि कॉर्नियाला समांतर आणून कण कडेने उचला. सुई कधीही सरळ समोरून नको. लोखंडाच्या कणाभोवती गंजाचे कडे राहते. सगळे त्याच दिवशी खरवडू नका, एक-दोन दिवसांत ते मऊ पडून सोपे निघते. बाहुलीच्या समोरचा किंवा खोल कण तज्ज्ञासाठी ठेवा. घरी अँटिबायोटिक थेंब द्या. बधिर करणारे थेंब घरी देऊ नका, त्यांनी जखम भरत नाही आणि दुखणे लपते.

कातडीखालचे

मोठी वस्तू मानेत, छातीत, पोटात घुसलेली असेल तर ती आहे तशीच ठेवा, भोवती पट्ट्यांचा आधार देऊन हलू देऊ नका. ती काढायची जागा ऑपरेशन थिएटर. तिनेच रक्त रोखून धरलेले असू शकते.

बाकी कुसळ, काच, मासे धरायचा गळ. 'आत काहीतरी आहे' असे रुग्ण म्हणत असेल तर ते खरे धरा. काच एक्स-रेवर सहसा दिसते, रंगहीन असली तरी. लाकूड आणि प्लास्टिक दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी. लाकूड, काटा काढायलाच हवा, कारण तो कुजून पू होतो. खोलवर, न दुखणारा काचेचा किंवा धातूचा बारीक तुकडा कधीकधी तसाच ठेवणे शहाणपणाचे. कुसळ भिजवू नका, ते फुगून मोडते. सरळ ओढण्यापेक्षा त्याच्या लांबीवर कातडी उघडून पूर्ण उचला. लिग्नोकेनची मात्रा अॅड्रिनलिनशिवाय ४.५ मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत ठेवा, आणि बोटाला रक्त रोखण्यासाठी रबरबंद बांधला तर बांधल्याची वेळ मोठ्या अक्षरांत लिहा. ड्रेसिंगखाली विसरलेल्या बंदाने बोट जाते. गळाचा उलटा काटा आत असेल तर भूल देऊन टोक पुढे कातडीबाहेर काढा, काटा तारा कापायच्या पक्कडीने तोडा आणि उरलेला गळ आल्या वाटेने मागे घ्या. तोडताना तुकडा उडतो, सगळ्यांचे डोळे झाका.

धनुर्वाताची लस पाहा: स्वच्छ जखमेला शेवटचा डोस १० वर्षांच्या आत, मळलेल्या जखमेला ५ वर्षांच्या आत झालेला हवा. निघालेली वस्तू पूर्ण आहे का, तिची मोडलेली कड कुठे आहे, हे जुळवून पाहिल्याशिवाय टाका घालू नका, आणि ती वस्तू डबीत घालून रुग्णाच्या कागदांसोबत द्या.